डब्ल्यूपीएफ बिलिंग ॲपच्या यूआय टेस्ट: समोर बसून चालवल्या की पास, रात्री आपोआप चालल्या की फेल

खिडकीसीट

मंडळी, सेटअप असा आहे. घाऊक व्यापाऱ्यांसाठीचं बिलिंग आणि स्टॉकचं डेस्कटॉप ॲप. मुख्य स्क्रीन डब्ल्यूपीएफमध्ये (मायक्रोसॉफ्टचं डेस्कटॉप स्क्रीन बनवायचं तंत्र), डॉटनेट फ्रेमवर्क ४.८. दोन जुने मास्टर (मूळ नोंदींच्या स्क्रीन) विनफॉर्म्स या आधीच्या तंत्राचे, आणि रिपोर्टचं एक मॉड्यूल अजून व्हीबी ६ मध्येच. गिऱ्हाईक मुख्यतः मस्जिद बंदर आणि भिवंडीचं.

फ्लायूआय (स्क्रीन आपोआप हाताळणारी लायब्ररी), यूआयए३ (विंडोजच्या यूआय ऑटोमेशनची नवी आवृत्ती) आणि एनयुनिट (टेस्ट चालवणारं टूल) वापरून ३५ यूआय टेस्ट, म्हणजे माणसासारखं स्क्रीनवर क्लिक-टायपिंग करून ॲप तपासणाऱ्या टेस्ट, लिहिल्या आहेत. अंधेरीच्या ऑफिसात विंडोज १० चं एक वेगळं मशीन ठेवलंय, त्यावर बिल्ड एजंट (टेस्ट आपोआप चालवणारा प्रोग्राम) सर्व्हिस म्हणून, म्हणजे लॉगिनशिवाय मागे चालणारा, लावलाय. अडचणी चार:

दिवसा त्या मशीनवर लॉगिन करून टेस्ट चालवल्या तर ३५ पैकी ३३-३४ पास. रात्री एजंटने चालवल्या की २० च्या वर फेल. गंमत म्हणजे एलिमेंट (बटण, चौकट वगैरे) सापडतो, पण क्लिक आणि टायपिंग पोहोचत नाही. फेल झाल्यावरचा स्क्रीनशॉट काळाकुट्ट.

मालाच्या ग्रिडमध्ये ५०० आयटम आहेत, टेस्टला २५-३० च दिसतात.

दराच्या चौकटीत आकडा भरला जातो, पण एकूण रक्कम शून्यच राहते. हाताने भरलं तर बरोबर येते.

आणि सगळीकडे थ्रेड-स्लीप (ठरावीक सेकंद नुसतं थांबायच्या ओळी) पेरून ठेवलेत. ते काढले की दुसरंच काहीतरी मोडतं.

विनॲपड्रायव्हरवर (मायक्रोसॉफ्टचं अशाच टेस्टसाठीचं टूल) गेलो तर यातलं काही सुटेल का? आणि आधी कशाला हात घालू?

रात्रपाळी

रात्रीच्या भानगडीला आधी हात घाला. ती मिटेपर्यंत बाकीच्या टेस्टमध्ये खरी फेल कोणती आणि खोटी कोणती हेच कळणार नाही.

एजंट सर्व्हिस म्हणून चालतोय, तिथेच झोल आहे. व्हिस्टापासून विंडोजच्या सगळ्या सर्व्हिस सेशन ० मध्ये (सेशन म्हणजे दर लॉगिनची वेगळी जागा) चालतात आणि माणूस लॉगिन करतो ते सेशन १ किंवा पुढचं. सेशन ० ला माणसाने बघायचा डेस्कटॉपच नाही. ॲप तिथे सुरू होतं, यूआयएच्या (यूआय ऑटोमेशनच्या) झाडात, म्हणजे एलिमेंटच्या यादीत, बटणंही दिसतात, इन्व्होक पॅटर्नने, म्हणजे माउसशिवाय थेट आदेशाने, दाबलेली बटणं चालूनही जातात. पण माउस आणि कीबोर्डचा इनपुट जायला जागाच नाही. म्हणून तुमच्या थोड्या टेस्ट पास आणि बाकीच्या आडव्या. खात्री करायची तर टास्क मॅनेजरच्या डिटेल्स टॅबमध्ये कॉलमच्या नावावर राइट क्लिक करून सेशन आयडी हा कॉलम चालू करा. एजंटसमोर ० दिसला की समजा.

उपाय: सर्व्हिस काढून टाका. टेस्टसाठी वेगळं लोकल अकाउंट करा, मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स टूलसंचातल्या ऑटोलॉगॉनने मशीन चालू होताच ते लॉगिन होईल असं लावा, आणि एजंट टास्क शेड्युलरमधून ‘ॲट लॉग ऑन’ ट्रिगरवर सुरू करा. त्या टास्कमध्ये ‘रन ओन्ली व्हेन यूजर इज लॉग्ड ऑन’ हाच पर्याय निवडा. दुसरा निवडलात की पुन्हा न दिसणाऱ्या सेशनमध्ये जाल. अझ्युअर डेव्हऑप्सचा एजंट असेल तर सेटअपच्या वेळी तो स्वतःच ऑटोलॉगॉनबद्दल विचारतो, तिथे हो म्हणा.

मग स्क्रीन बंद होणं, स्लीप, स्क्रीनसेव्हर सगळं ‘नेव्हर’. मशीन डोमेनवर असेल तर मशीन इनॅक्टिव्हिटी लिमिटची ग्रुप पॉलिसी थोड्या मिनिटांत स्क्रीन लॉक करते. ती तुमच्या हातात नसते, आयटीवाल्यांकडून या एका मशीनपुरती सूट घ्या. लॉगिनच्या आधी कायदेशीर सूचनेचा फलक येत असेल तर ऑटोलॉगॉन त्याच्यापाशीच अडकतो, तोही काढून घ्यायला सांगा.

हे झालं की टेस्ट चालवून निकाल इथे टाका. बाकी नंतर.

कळदाबा

तोवर तिसरा आणि चौथा मी घेतो. दोन्हींचं मूळ जवळपास एकच: टेस्ट स्क्रीनला गाठते, पण ॲपच्या आत काय चाललंय याची वाट बघत नाही.

दराची चौकट बघा. तुम्ही बहुतेक व्हॅल्यू पॅटर्नने, म्हणजे कळा न दाबता, थेट १२५० भरताय. डब्ल्यूपीएफच्या टेक्स्टबॉक्समध्ये टेक्स्टचं बाइंडिंग (चौकट आणि आतल्या डेटाची जोडणी) डिफॉल्टने लॉस्टफोकसला, म्हणजे फोकस चौकटीवरून हलला की, खालच्या मॉडेलपर्यंत (ॲपच्या आतल्या डेटापर्यंत) पोहोचतं. माणूस दर लिहून टॅब मारतो, फोकस हलतो, मॉडेलला १२५० कळतात, एकूण बदलतं. टेस्ट मात्र आकडा चौकटीत ठेवून तिथेच उभी. चौकटीत १२५०, मॉडेलमध्ये शून्य. आकडा भरल्यावर टॅब पाठवा, किंवा पुढच्या चौकटीवर फोकस न्या, काम झालं. कीप्रेसवर व्हॅलिडेशन लावलेलं असेल, म्हणजे अक्षरं अडवणं वगैरे, तर तिथे व्हॅल्यू पॅटर्न चालणारच नाही, कारण कळ दाबलीच जात नाही. तिथे फोकस देऊन खरंच टाइप करा. बाकी ठिकाणी व्हॅल्यू पॅटर्न वापरलेला बरा, जलद आहे आणि कीबोर्ड मराठीवर गेलेला असला तरी बिघडत नाही.

आता स्लीप. दोन सेकंदांची स्लीप जलद मशीनवर फुकट जाते आणि धिम्या मशीनवर पुरत नाही. फ्लायूआयमध्ये रिट्राय नावाचा क्लास आहे, त्यातलं व्हाइलनल (एलिमेंट मिळेपर्यंत थांबणारं) आणि व्हाइलफॉल्स (अट खरी होईपर्यंत थांबणारं) वापरा. कमाल वेळ १० सेकंद, दर २०० मिलिसेकंदांनी तपासणी. पण वाट कशाची बघायची यात खरी मेख आहे. सेव्ह दाबल्यावर ‘प्रिंट बटण दिसेपर्यंत थांब’ असं लिहिलंत आणि प्रिंट बटण आधीपासूनच दिसत असेल, तर टेस्ट थांबतच नाही, पुढे धावते. बिल नंबरची चौकट रिकामी आहे तोवर थांबा. किंवा सेव्ह चालू असताना जे चक्र फिरतं त्याला ओळख द्या आणि ते जाईपर्यंत थांबा. स्लीप काढल्यावर ‘दुसरंच काहीतरी मोडतं’ ते यामुळेच.

शिवाय एकदा पकडलेला एलिमेंट जपून ठेवू नका. खिडकी बंद होऊन परत उघडली की जुना एलिमेंट मेलेला असतो, ‘एलिमेंट नॉट अव्हेलेबल’ येतं. दर वेळी नव्याने शोधा.

ओळखीवरून आठवलं, एलिमेंट कशावरून शोधताय? नावावरून असेल तर आजच थांबवा. नाव म्हणजे बटणावरचा मजकूर. उद्या ‘सेव्ह’ चं ‘जतन करा’ झालं की ३५ च्या ३५ टेस्ट पडतील. ऑटोमेशनआयडी, म्हणजे मजकुराशी संबंध नसलेली आतली ओळख, वापरा. डब्ल्यूपीएफमध्ये एक्स-नेम (स्क्रीनच्या कोडमधलं कंट्रोलचं नाव) दिलेलं असेल तर तेच आपोआप ऑटोमेशनआयडी होतं. डेटा टेम्प्लेटमधल्या (एकाच साच्यातून बनलेल्या) ओळींना मात्र ते सगळ्यांना सारखंच पडतं, तिथे ऑटोमेशन प्रॉपर्टीज वापरून आयडी आयटम कोडला बाइंड करा. विनफॉर्म्समध्ये कंट्रोलचं नेम हेच आयडी. कोडमधून तयार केलेल्या कंट्रोलला नेम दिलेलं नसेल तर आयडीच्या जागी खिडकीच्या हँडलचा आकडा येतो, तो दर वेळी वेगळा. इन्स्पेक्ट किंवा ॲक्सेसिबिलिटी इनसाइट्स (एलिमेंटची माहिती दाखवणारी टूल) उघडून कंट्रोलवर माउस न्या. आयडी म्हणून ६-७ आकडी संख्या दिसली आणि ॲप परत चालू केल्यावर ती बदलली, तर चूक त्या स्क्रीनमध्ये आहे, तुमच्या टेस्टमध्ये नाही. डेव्हलपरकडून नेम देऊन घ्या. एका स्क्रीनला पाव तास लागतो, आणि हे काम टेस्टवाल्याने एक्सपाथची (एलिमेंटपर्यंतच्या लांबलचक पत्त्यांची) जळमटं विणून टाळू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

विनॲपड्रायव्हरचं म्हणाल तर नको. तोही खाली त्याच यूआयएवर उभा आहे, मध्ये फक्त ४७२३ पोर्टवरचा एक सर्व्हर वाढतो आणि विंडोज डेव्हलपर मोडवर ठेवावं लागतं. शेवटचं स्थिर व्हर्जन १.२.१, तेही २०२० चं. ॲपियम या टेस्ट टूलचा विंडोज ड्रायव्हर म्हणजे त्याच्यावरच घातलेला सदरा. तुमच्या चारपैकी एकही अडचण त्याने सुटत नाही.

खिडकीसीट

रात्रपाळी, सेशनचं तंतोतंत निघालं, एजंटसमोर ० च होता. ऑटोलॉगॉन आणि टास्क शेड्युलर लावलं. पहिल्या रात्री ३५ पैकी ३३ पास.

दुसऱ्या रात्री डोंबिवलीहून रिमोट डेस्कटॉपने बघायला आत गेलो, सगळं ठीक चाललं होतं, खिडकी बंद केली आणि त्या क्षणापासून पुढच्या सगळ्या टेस्ट फेल. पुन्हा तेच, एलिमेंट सापडतो, क्लिक नाही. टॅब पाठवल्यावर एकूण रक्कम मात्र बरोबर यायला लागली, धन्यवाद.

रात्रपाळी

रिमोट डेस्कटॉपची खिडकी फुलीवर बंद केली की सेशन जिवंत राहतं, पण डिस्कनेक्ट होऊन लॉक होतं. डेस्कटॉप गेला, इनपुट गेला. मिनिमाइझ केलं तरी तेच होतं, फक्त तिथे उपाय सोपा आहे: तुमच्या घरच्या मशीनवर, ऑफिसच्या नव्हे, रजिस्ट्रीत सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, टर्मिनल सर्व्हर क्लायंट या की-खाली ‘रिमोटडेस्कटॉप-अंडरस्कोर-सप्रेसव्हेनमिनिमाइझ्ड’ हा डीवर्ड (आकडी नोंद) २ करा आणि परत कनेक्ट व्हा.

बाहेर पडण्यासाठी फुली वापरू नका. ऑफिसच्या मशीनच्या डेस्कटॉपवर एक बॅच फाइल ठेवा, तिच्यात टीएसकॉन ही (सेशन दुसरीकडे वळवणारी) कमांड, पुढे चालू सेशनचं नाव देणारं व्हेरिएबल, आणि डेस्ट-कन्सोल हा पर्याय. ती ॲडमिन म्हणून चालवा. साध्या डबल क्लिकने ‘ॲक्सेस डिनाइड’ येईल. चालली की तुमची रिमोट खिडकी आपोआप बंद होते आणि सेशन मशीनच्या कन्सोलवर (स्वतःच्या स्क्रीनवर), अनलॉक्ड, चालू राहतं.

अनलॉक्ड हा शब्द नीट वाचा. ऑफिसमध्ये कोणीही त्या मशीनसमोर बसू शकतो. म्हणून ते कुलपाच्या खोलीत, आणि त्या अकाउंटला गिऱ्हाइकाच्या खऱ्या डेटाचा ॲक्सेस नको.

यानंतर हमखास येणारी पुढची कटकट आत्ताच सांगतो. मशीनला मॉनिटर जोडलेला नसेल तर कन्सोलवर गेल्यावर रिझोल्यूशन एकदम खाली येतं, १०२४ बाय ७६८ वगैरे. तुमच्या बिलाच्या स्क्रीनचं खालचं सेव्ह बटण स्क्रीनबाहेर गेलं की ‘नो क्लिकेबल पॉइंट’. एचडीएमआयचा डमी प्लग लावा, लॅमिंग्टन रोडला सहज मिळतो, आणि १९२० बाय १०८० ठरवून टाका. स्केलिंग १०० टक्के. १२५ टक्के असेल आणि टेस्ट चालवणारा प्रोग्राम डीपीआय-अवेअर (स्केलिंग ओळखणारा) नसेल तर क्लिक बटणाच्या बाजूला पडतो.

व्हर्च्युअल मशीनवर नेता आलं तर सगळ्यात उत्तम. हायपरव्हायजरच्या (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) कन्सोलमधून नुसतं बघता येतं, सेशनला धक्का लागत नाही. मात्र हायपर-व्ही हा मायक्रोसॉफ्टचा हायपरव्हायजर असेल तर त्याचा एन्हान्स्ड सेशन मोड बंद ठेवा, तो आतून रिमोट डेस्कटॉपच आहे.

मीटरगेज

ग्रिड राहिलाच की. डब्ल्यूपीएफच्या डेटाग्रिडमध्ये ओळींचं व्हर्च्युअलायझेशन डिफॉल्टने चालू असतं. स्क्रीनवर मावतात तेवढ्याच ओळी खऱ्या बनतात, बाकीच्यांचा यूआयएच्या झाडात पत्ता नाही. ५०० पैकी २५-३० दिसतात त्याचं कारण तुमच्या खिडकीची उंची. टेस्टसाठी म्हणून व्हर्च्युअलायझेशन बंद करणारे बरेच आहेत. करू नका. ५०० ओळी आणि १०-१२ कॉलम एकदम बनवताना स्क्रीन अडखळते, आणि मग तुम्ही गिऱ्हाइकाकडे नसलेलंच ॲप तपासत बसता.

नुसती संख्या हवी असेल तर ग्रिड पॅटर्नचा रोकाउंट विचारा, तो पूर्ण आकडा देतो, स्क्रोल न करता. ५०० ऐवजी ५०१ आला तर घाबरू नका. ग्रिडमध्ये नवीन ओळ भरायची सोय चालू असेल तर खालची ती रिकामी ओळही मोजली जाते. ठरावीक ओळ हवी असेल तर आयटम कंटेनर पॅटर्नने शोधून रिअलाइझ करता येते, म्हणजे खरी बनवता येते. पण दुकानातला माणूस ५०० आयटम स्क्रोल करत बसत नाही, शोधाच्या चौकटीत कोड टाकतो. टेस्टनेही तेच करावं. ‘तूरडाळ’ चा कोड टाका, एक ओळ उरेपर्यंत थांबा, ती निवडा.

व्हीबी ६ साठी फ्लायूआयशी झुंजू नका. पायविनऑटो (पायथनमधली तशीच लायब्ररी) घ्या, बॅकएंड विन३२, आणि पायथन ३२ बिटचा, कारण ते मॉड्यूलही ३२ बिटच आहे. टेक्स्टबॉक्स थंडरआरटी६टेक्स्टबॉक्स या क्लासने सापडतील. मात्र व्हीबी ६ च्या लेबलला स्वतःची खिडकीच नसते, ते फॉर्मवर नुसतं रंगवलेलं असतं. त्यामुळे ‘एकूण’ जर लेबलमध्ये दाखवलं असेल तर ते या टूलना वाचता येणार नाही. रिपोर्ट फाइलमध्ये एक्सपोर्ट करा आणि फाइल तपासा. चित्र जुळवणाऱ्या टूलच्या नादी लागलात तर फॉन्टची कड थोडी बदलली तरी टेस्ट पडेल.

पायविनऑटोत टाइप करताना दोन खड्डे आहेत. स्पेस आपोआप जात नाहीत, विथ-स्पेसेस हा पर्याय चालू करावा लागतो, नाहीतर ‘शाह ट्रेडिंग’ चं ‘शाहट्रेडिंग’ होतं. आणि अधिक, टक्के, कंस ही चिन्हं त्याला कळांच्या खुणा वाटतात. टक्क्याचं चिन्ह म्हणजे आल्ट. ‘१८%’ तसंच पाठवलंत तर मेनू उघडेल. चिन्ह महिरपी कंसात घाला.

कळदाबा

मीटरगेजना जोड. ज्या २ टेस्ट अजून पडतायत त्या विनफॉर्म्सच्या मास्टरवरच्या आहेत का? असतील तर त्या दोन स्क्रीनपुरता यूआयए२ (जुनी आवृत्ती) वापरून बघा, विनफॉर्म्समध्ये यूआयए३ कधीकधी अडतो. दोन्ही एकाच प्रोजेक्टमध्ये कोंबू नका, वेगळा टेस्ट प्रोजेक्ट करा. आणि विनफॉर्म्समध्ये इन्व्होकने दाबलेलं बटण मोडल डायलॉग (बंद केल्याशिवाय मागच्या खिडकीत जाऊ न देणारा) उघडत असेल तर इन्व्होक तो डायलॉग बंद होईपर्यंत परतच येत नाही. टेस्ट डायलॉग बंद करायला थांबलेली, डायलॉग टेस्टसाठी थांबलेला. तिथे इन्व्होक सोडा आणि माउसने क्लिक करा.

खिडकीसीट

दोन्ही विनफॉर्म्सच्याच होत्या. एक डायलॉगवालीच निघाली, माउसच्या क्लिकने सुटली. दुसरी वेगळीच आहे: बिलाची रक्कम १,२३,४५६.०० अपेक्षित, मशीनवर १२३,४५६.०० येते. माझ्या लॅपटॉपवर पास.

मीटरगेज

मशीनचं रीजन इंग्लिश युनायटेड स्टेट्स राहिलंय, लाखाचा स्वल्पविराम तिथे नाही. इंग्लिश इंडिया करा. तारीखही बघा, अमेरिकेच्या सेटिंगमध्ये ०५-०४ चा अर्थ ४ मे होतो. टेस्टमध्ये मात्र रकमा मजकूर म्हणून जुळवू नका, दशांश संख्येत बदलून जुळवा. स्वल्पविराम दिसतो का हे बघणारी एकच वेगळी टेस्ट ठेवा. आणि एप्रिलच्या पहिल्या तारखेला बिलाचा नंबर परत १ पासून सुरू होत असेल तर आजच्या तारखेवर अवलंबून असलेल्या सगळ्या टेस्ट त्या सकाळी लाल होतील. तारीख बाहेरून देता येईल अशी सोय करून घ्या.

जीएसटीसाठी दोन पार्ट्या पुरेत. जीएसटीआयएन (जीएसटी नोंदणी क्रमांक) २७ ने सुरू होणारी, म्हणजे महाराष्ट्रातली, तिला १८ टक्क्यांच्या मालावर सीजीएसटी ९ आणि एसजीएसटी ९. दुसरी २४ ने, गुजरातची, तिला आयजीएसटी १८. दराची बाकी सगळी जुळवाजुळव यूआयमधून तपासू नका, ती युनिट टेस्टची (स्क्रीनशिवाय थेट कोड तपासणाऱ्या टेस्टची) कामं. एक यूआय टेस्ट ४० सेकंद धरली तरी ३५ ना २३ मिनिटं लागतात, आणि एका डेस्कटॉपवर माउस एक, फोकस एक, त्यामुळे समांतर चालवून वेळ वाचत नाही. एनयुनिटमधलं पॅरलल बंदच असू द्या.

रात्रपाळी

प्रिंटच्या टेस्ट लिहिणार असाल तर: ‘विंडोजला माझा डिफॉल्ट प्रिंटर ठरवू दे’ हे आधी बंद करा, नाहीतर कोणीतरी दिवसा दुसऱ्या प्रिंटरवर कागद काढतो आणि रात्री डिफॉल्ट तोच. डिफॉल्ट मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ ठेवा. तो सेव्ह ॲजचा डायलॉग उघडतो, त्यात फाइलच्या नावाच्या चौकटीचा आयडी १००१ आणि सेव्ह बटणाचा १. फाइलच्या नावात वेळ घाला. तसं केलं नाही तर दुसऱ्या रात्री ‘आधीची फाइल बदलू का’ असा डायलॉग येतो आणि पुढच्या सगळ्या टेस्ट त्याच्यामागे अडकतात.

फेल झाल्यावर स्क्रीनशॉटबरोबर उघड्या खिडक्यांच्या नावांची यादीही लॉगमध्ये टाका. निम्म्या वेळा कारण त्या यादीतच सापडतं, कुठला तरी अनोळखी डायलॉग वर येऊन बसलेला असतो. आणि प्रत्येक टेस्टच्या आधी ॲपची उरलेली प्रोसेस मारून डेटाबेस बॅकअपवरून परत बसवा.

खिडकीसीट

रीजन बदललं, काल रात्री ३५ पैकी ३५. एक राहिलं: अपडेटचा इन्स्टॉलर तपासायचाय, पण परवानगी विचारणारी खिडकी आली की टेस्टला काहीच दिसत नाही.

रात्रपाळी

दिसणारच नाही. ती खिडकी सिक्युअर डेस्कटॉपवर येते, तिथे दुसऱ्या कुठल्या प्रोग्रामला प्रवेश नाही. इन्स्टॉलर एमएसआय (विंडोजची इन्स्टॉल फाइल) असेल तर ॲडमिन म्हणून चालणाऱ्या वेगळ्या टास्कमधून एमएसआयएक्झेक ही कमांड क्यूएन (काहीही न दाखवता) पर्यायासह चालवा, खिडकी येतच नाही. मग ॲप साध्या अकाउंटने उघडून व्हर्जन तपासा. ॲपच ॲडमिन म्हणून उघडलंत तर साध्या परवानगीने चालणारी टेस्ट त्याला कळ पाठवू शकणार नाही, विंडोज अडवतं, आणि एरर न देता अडवतं.